हुकूम निघाला, माणूस अजून आत

बाल्टिमोर, २९ जानेवारी २०१७

प्रिय नंदा,

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. इकडे सगळे बरे आहेत, ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा खांदा पूर्वीसारखाच. तब्येतीचं पुराण इथेच संपवते, कारण मला वेगळंच काही सांगायचंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

१७ तारखेला दुपारी बातमी आली. लष्कराचे गुप्त कागद बाहेर काढले म्हणून तुरुंगात असलेल्या चेल्सी मॅनिंगची शिक्षा ओबामांनी जाता जाता कमी केली. ३५ वर्षांऐवजी १७ मे रोजी सुटका. त्या दिवशी एकूण २०९ कैद्यांच्या शिक्षा कमी झाल्या, त्यातली ही एक. तुमच्याकडे तेव्हा १८ जानेवारी उजाडली होती. तारीख वाचलीस ना? १९७७ साली १८ जानेवारीलाच इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली होती. बरोबर चाळीस वर्षं झाली. म्हणूनच हे पत्र तुला.

तुझ्या घरी त्या दिवशी केवढी गर्दी लोटली होती, आठवतं? "आता काय, अप्पा सुटलेच!" असं जो तो म्हणत होता. आणि आणीबाणीत पकडलेले अप्पा होते तिकडे येरवड्याच्या तुरुंगात. निवडणूक जाहीर झाली तरी प्रत्येकाच्या सुटकेचा कागद वेगळा निघणार होता. त्या दिवसांत तुमच्या घरी येणं लोकांनी हळूहळू कमी केलं, कारण सगळ्यांच्या मते प्रश्न मिटला होता. अप्पांना पत्रं जायची तीही थांबली, दोन दिवसांत येणाऱ्या माणसाला कशाला लिहायचं म्हणून. मागाहून अप्पा एकदाच बोलले होते, की आतले सगळे महिने निघाले, पण ते शेवटचे दिवस निघता निघेनात. तू, मी आणि काकू, तिघीच होतो तेव्हा ओसरीवर.

मला आत्ता तीच भीती वाटतेय. तब्बल चार महिन्यांची. आणि ही मुलगी किती थकलीय हे आम्हाला माहीत आहे. गेल्या जुलैत तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यावर तुरुंगानं काय करावं? शिस्तभंगाची चौकशी! सप्टेंबरात ती उपोषणाला बसली, तेव्हा कुठे लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेचे उपचार देऊ असं लष्करानं कबूल केलं. पण पाठोपाठ त्या जुलैच्या प्रकरणात चौदा दिवस एकांतवासाची शिक्षा ठोठावली, त्यातले सात स्थगित. ऑक्टोबरात ती शिक्षा सुरू झाली, त्याच रात्री तिनं पुन्हा प्रयत्न केला. आम्हाला हे कळलं नोव्हेंबरात. अशा माणसाला "अजून मेपर्यंत थांब" असं सांगितलंय. आणि तिला पाठिंबा देणाऱ्या आमच्या गटात काय चाललंय? गेल्या रविवारी नेहमीच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. जी होती तीही मे महिन्यात सभा कुठे घ्यायची ते ठरवत होती. मी म्हटलं, अहो, पत्रं? तर एक भले गृहस्थ म्हणाले, आता कशाला, जिंकलो की आपण. त्यांना मी काय सांगणार? ओसरीवर ते नव्हते ना.

तू आता म्हणशील, "विजू, तुझं नेहमीचंच, आनंदाच्या दिवशी हिला रडू येतं." म्हण बाई. माझ्या लग्नाच्या फोटोंवरून तू हे तीस वर्षं म्हणत आलीयेस.

आणि तिच्यावरून झालेलं आपलं ते २०१३ चं भांडण. फोनवर तू म्हणाली होतीस, "शपथ घेतली होती ना? मग मोडली का? शिपायानं शपथ मोडली तर सैन्य कसलं?" मेजरसाहेबांबरोबर इतकी वर्षं छावणीत काढलेल्या बाईनं हे म्हणावं यात मला नवल वाटलं नव्हतं. वाईट वाटलं, ते तू फोन ठेवलास म्हणून. मला जे म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. आता लिहिते.

बगदादमधली ती अमेरिकन हेलिकॉप्टरची चित्रफीत तू पाहिली नाहीस, असं म्हणाली होतीस. १२ जुलै २००७ ची आहे ती. रस्त्यावर उभ्या माणसांवर वरून गोळ्या झाडल्या, त्यात रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोघे गेले, बावीस वर्षांचा छायाचित्रकार नामीर नूर-एल्दीन आणि चालक सईद च्माग. जखमी सईदला उचलायला एक व्हॅन थांबली, तर तिच्यावरही गोळीबार. व्हॅनमध्ये दोन लहान मुलं होती. रॉयटर्सनं ती फीत कायद्यानं मागितली होती, मिळाली नाही. ती लोकांसमोर आली एप्रिल २०१० मध्ये, या बावीस वर्षांच्या लष्करी विश्लेषकामुळे, म्हणजे चेल्सीमुळे. नंदा, शपथेचा प्रश्न मलाही छळतो. सात लाखांच्या वर कागद बाहेर गेले, त्यातला प्रत्येक तिनं वाचला असणं शक्यच नाही, आणि ही गोष्ट मी गटातही उघड बोलते. पण त्या कागदांत नाव आलं म्हणून अमुक माणूस मारला गेला, असं एकही ठोस उदाहरण शिक्षेच्या सुनावणीत, नुकसानीचा आढावा घेतलेल्या ब्रिगेडियर जनरल कार यांना देता आलं नाही. शत्रूला मदत केल्याच्या आरोपातून तर खुद्द लष्करी न्यायाधीश कर्नल लिंड यांनी सोडलं. तरीही ३५ वर्षं. सरकारी पक्षाला ६० हवी होती! मेजरसाहेबांनाच विचार, हे प्रमाणाला धरून आहे का. ओबामांनीही त्यांच्या शेवटच्या पत्रकार परिषदेत नेमका हाच मुद्दा काढला, की बाकीच्यांना झालेल्या शिक्षांच्या मानानं ही फारच जास्त होती.

पण मला खटल्यापेक्षाही त्याभोवती जमलेल्या माणसांबद्दल सांगायचंय. त्यांच्याविषयी तू कधी विचारलं नाहीस आणि मीही मनासारखं बोलले नाही. २०११ साली तिला क्वांटिकोच्या तुरुंगात एकटीला ठेवलं होतं, दिवसातले तेवीस तास, सहा बाय आठ फुटांच्या खोलीत. काही दिवस तर रात्री कपडेसुद्धा काढून घेत. त्या मार्चमध्ये लोक तिथल्या फाटकापाशी गेले. व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद १९७१ मध्ये बाहेर काढणारे डॅनियल एल्सबर्ग, ऐंशीला आलेले, रस्त्यात बसले आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते क्रॉली या वागणुकीला मूर्खपणा म्हणाले, त्यात त्यांची नोकरी गेली. एप्रिलमध्ये तिला कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात हलवलं, तिथे बाकीच्या कैद्यांबरोबर राहता येऊ लागलं. हे आपोआप झालं असं मी मानत नाही.

मग फोर्ट मीडच्या लष्करी तळावरचा खटला, माझ्या घरापासून जवळच. गाडीत जागा असायची, म्हणून मी लोकांना स्टेशनवरून घेऊन जायची. निवृत्त शिक्षिका, इराकहून आलेले माजी सैनिक, एक पाद्री. पहाटे फाटकाशी रांग, ओळखपत्र, गाडीची झडती. काळ्या टी-शर्टांवर छातीवर एकच शब्द, 'सत्य'. पहिल्या दिवशी, ३ जून २०१३ ला, ते शर्ट उलटे करून घालायला लावले. माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. त्यांनी तिथेच, स्वेटरच्या आडोशानं, शर्ट उलटा केला. शिवण बाहेर, मानेमागची कापडी पट्टी हनुवटीखाली. तशाच ताठ मानेनं आत गेल्या आणि दिवसभर तशाच बसल्या. दुसऱ्या दिवसापासून शर्ट सरळ घालायला परवानगी मिळाली. कामकाजाचा लेखी उतारा न्यायालय लोकांना देत नव्हतं, तर लोकांनीच वर्गणी काढून लघुलेखक बसवले! वकील कूम्ब्स यांची फीही लोकवर्गणीतूनच. घरोघरच्या छोट्या छोट्या रकमा.

शिक्षा सुनावल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं आपण स्त्री आहोत, आपलं नाव चेल्सी, असं जाहीर केलं. तेव्हा आमच्यातलेच काही बिचकले, हे लपवत नाही. पण पत्रं चालू राहिली. २०१४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे कॅन्ससच्या कोर्टानं नाव बदलून देईपर्यंत, पाकिटावर जुनंच, पुरुषाचं नाव लिहावं लागे, नाहीतर पत्र पोचायचं नाही. मग आम्ही बाहेर ते लिहायचो आणि आत पहिल्याच ओळीत ठळक 'प्रिय चेल्सी'. काकू नाही का, अप्पांना लिहिताना सेन्सॉरसाठी वर सगळं क्षेमकुशल लिहायच्या आणि खाली तुझ्या हातून फुलाचं चित्र काढून घ्यायच्या!

२०१५ मधला टूथपेस्टचा किस्सा तुला सांगायलाच हवा. मुदत संपलेली टूथपेस्ट बाळगली आणि काही मासिकं ठेवली, असल्या आरोपांवरून तिला बेमुदत एकांतवासात टाकायची तयारी चालली होती. एक लाखाच्या वर सह्या जमल्या आणि वॉशिंग्टनमध्ये लष्कराच्या कार्यालयात नेऊन दिल्या. शेवटी एकवीस दिवस व्यायामशाळा, वाचनालय आणि मोकळी हवा बंद, एवढ्यावर भागलं. तेही अन्यायाचंच, पण एकांतवास टळला. बाहेर माणसं जागी आहेत हे आत कळलं, की आतल्या पहारेकऱ्यांचे हात जरा आवरतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. या डिसेंबरात व्हाइट हाउसकडच्या अर्जानं पुन्हा लाखाचा टप्पा ओलांडला आणि जानेवारीत हुकूम निघाला.

म्हणून आत्ता जाग सुटता कामा नये. परवा गुरुवारी नव्या राष्ट्राध्यक्षांनी, ट्रम्प यांनी, तिला उघड उघड गद्दार म्हटलं, आणि हिला सोडायलाच नको होतं, असंही. ते काही करू शकतील की नाही याची चर्चा गटात रात्रभर चालली. मला त्याहून चिंता आहे आतल्या पहारेकऱ्यांची, जे हे वाचतात. आणि तिची, जी हे वाचते. केस अजून पुरुषांच्या मापात कापून घ्यावे लागतात तिला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल! या तीन महिन्यांत तिला रोज टपालात काहीतरी मिळायला हवं. राजकारण नको, सल्ला नको. मी गेल्या वेळी लिहिलं ते आमच्या अंगणात हरणं येऊन ट्यूलिप खातात त्याबद्दल. हेच लिहायचं असतं.

तर नंदा, तू एक पत्र लिही. तुझं मत बदल असं मी म्हणत नाही. शपथेबद्दल जे वाटतं ते वाटू दे. पण एका आत असलेल्या माणसाच्या घरी सुटकेआधीचे दिवस कसे जातात हे तुला जितकं माहीत आहे तितकं आमच्या गटात कुणालाच नाही. अप्पांचं लिहिलंस तरी पुरे. इंग्रजीची काळजी करू नकोस, तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे, शाळेतही होतं.

प्राजक्ताचं लग्न ठरलं हे कळलं, फार आनंद झाला. मुलगा नाशिकचा ना? साडीचे पैसे पाठवते, नको म्हणू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन लग्नानंतरच कर. काकूंना माझा नमस्कार, त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी,
विजू

ता. क. पत्ता वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवलाय. साधा कागद वापर, आत फक्त पत्रच घाल. आणि टपाल पोचायला वेळ लागतो, तेव्हा याच आठवड्यात टाक. मेजरसाहेबांनाही दोन ओळी खाली लिहायच्या असतील तर लिहू देत, त्यांचं म्हणणं काहीही असो.