गच्ची नाही, म्हणून निवडही नाही? ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घरगुती ग्राहकाला अक्षय स्रोतांची वीज निवडता यावी याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या अलीकडे एका बावीस मजली इमारतीत राहते. शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी सोसायटीने खजिनदारपद माझ्या गळ्यात घातले. कारण एकच, मी गणिताची बाई. तेव्हा या पत्रात आकडेमोड जरा जास्त झाली तर सांभाळून घ्यावे.

आमच्या दारातला रस्ता गायमुखचा चढ ओलांडून फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर जातो आणि पुढे मिरा रोड लागतो. माझी मावसबहीण तिथे राहते. जिल्हा तोच, ठाणे. पण तिला अदानीची वीज घ्यायची की टाटांची, हे ठरवता येते. तिच्या दारातली तार एका कंपनीची असली तरी वीज दुसरीची घेता येते, त्याला तिकडे सगळे ‘चेंजओव्हर’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर, २००९ पासून मुंबई उपनगरात ही सोय सुरू झाली आणि मिरा-भाईंदरमध्येही ती आहे. चढाच्या या बाजूला मात्र ठाणे, नवी मुंबई, आणि गंमत म्हणजे मुंबई महापालिकेतच असलेले मुलुंड-भांडुपसुद्धा, महावितरणकडे. (कळवा-मुंब्र्यात २०२० पासून फ्रँचायझी आहे, म्हणजे महावितरणचे काम खासगी कंपनी बघते, पण निवड तिथेही नाही.)

लगेच गैरसमज नको. मला महावितरण सोडायचे नाही. २०२२ मध्ये ठाणे-नवी मुंबईसाठी खासगी कंपनीने समांतर परवान्याचा, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकण्याचा, अर्ज केला आणि ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आमच्या लिफ्टमध्ये दोन तट पडले होते. मी कर्मचाऱ्यांच्या बाजूने होते, आजही आहे. नवी कंपनी आली की ती ठाण्या-वाशीतली वेळेवर बिल भरणारी गिऱ्हाईके उचलणार आणि ज्यांच्या विजेचा भार आपण थोडा थोडा वाहतो ती माणसे महावितरणच्या पदरात ठेवणार, हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. कंपनी तीच राहू दे, तार तीच राहू दे, लाइनमनही तोच येऊ दे. त्या तारेतून माझ्या नावाने विकत घेतलेली वीज कोळशाची की वाऱ्या-उन्हा-पाण्याची, एवढेच मला ठरवू द्या.

‘तार आणि वीज वेगळी कशी करणार?’ असे आमच्या सभेत एका सभासदाने विचारले. मी त्यांना त्यांचेच बिल दाखवले. त्यात स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, आणि वहन आकार नावाची वेगळी ओळ आहे. वहन आकार म्हणजे तारेचे भाडे. कागदावर तुम्ही तार आणि वीज कधीच वेगळी केली आहे, महोदय. आम्ही फक्त ती ओळ कधी वाचली नाही.

दुसरी शंका याहून चांगली होती: ‘घरात येणारी वीज सौर आहे हे कळणार कसे?’ कळणार नाही. घोडबंदरवाल्यांना हे टाकीवरून पटकन समजते. आमच्या जमिनीखालच्या टाकीत पालिकेचे पाणी येते आणि टँकरचेही येते. नळ उघडला की कुठला थेंब कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण महिन्याला किती टँकर मागवायचे हे सोसायटी ठरवते. पालिकेचे पाणी वाढले की टँकर कमी होतात आणि टँकरवाल्याला जाणारे पैसेही कमी होतात. विजेचेही तसेच आहे. माझ्या पंख्याला कुठला इलेक्ट्रॉन फिरवतो याच्याशी मला कर्तव्य नाही, माझे पैसे कुणाकडे जातात याच्याशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, गच्चीवर सौर पॅनेल बसवायची सूर्यघर योजना आहे की. आहे, आणि चांगली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. माझ्या भावाचे नाशिकला बैठे घर आहे, त्याने लगेच संच बसवला आणि आता दर रविवारी फोनवर मला ‘आज किती युनिट’ ते ऐकवतो. माझ्यापुरती अडचण अशी की मला गच्चीच नाही. म्हणजे आहे, पण तिच्यात माझा अठ्ठ्याऐंशीवा हिस्सा आहे.

त्या गच्चीचे गणित आम्ही केले. ४,२०० चौरस फुटांपैकी पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अँटेना आणि आगीच्या वेळी मोकळी ठेवायची वाट वजा जाता अडीच हजार चौरस फूट उरते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे २५ किलोवॅट. एका कंत्राटदाराने उपग्रहाचा फोटो बघून छातीठोकपणे ४० सांगितले होते. तो फोटो बहुधा शेजारचा टॉवर उभा राहण्याच्या आधीचा असावा, कारण दुपारी तीननंतर आमच्या अर्ध्या गच्चीवर त्याची सावली पडते हे त्याच्या गावीही नव्हते. असो. २५ किलोवॅट म्हणजे दिवसाला सुमारे शंभर युनिट, महिन्याला तीन हजार. एकट्या लिफ्ट, पंप आणि सांडपाणी प्रकल्पाला आमच्याकडे महिन्याला साडेसहा हजार युनिट लागतात. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे, म्हणजे आम्हाला साडेचार लाख मिळतील. घरटी वाटले तर पाच हजार एकशे तेरा रुपये. भावाला ७८ हजार, मला पाच! यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, जेवढी पॅनेल तेवढे अनुदान. पण तीन हजार युनिट ८८ घरांत वाटले तर माझ्या वाट्याला ३४ येतात आणि मला लागतात २४०. ठाणे आणि नवी मुंबई ही उंच इमारतींची शहरे आहेत. गच्चीवरच्या सौरऊर्जेने त्यांची गरज भागणार नाही, कितीही जाहिराती केल्या तरी.

मग राहिला एकच मार्ग, दुसरीकडे तयार होणारी स्वच्छ वीज विकत घेणे.

तो मार्ग कायद्यात आहे हे मला स्वतः शोधून काढावे लागले. राज्य वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये हरित वीज दर मंजूर केला. ज्याला शंभर टक्के अक्षय वीज हवी त्याने नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा द्यायचे, असा तो पहिला आदेश होता. मोठ्या कारखान्यापासून घरगुती ग्राहकापर्यंत कोणालाही हे मागता येते. त्या दराने माझ्या २४० युनिटचे होतात १५८ रुपये ४० पैसे. भाजीबाजाराच्या एका फेरीत याहून जास्त जातात. आमच्या वार्षिक सभेला साठ माणसे होती. आयटीवाले होते, एक वकील होते, एक निवृत्त अभियंताही होते. मी विचारले, हरित वीज दर कोणाला माहीत आहे? एकही हात वर झाला नाही. आणि सांगितल्यावर? अकरा जण म्हणाले, कुठे सही करू ते सांगा.

पण सही करण्याआधी माझीच एक शंका आहे, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण ती आहे. माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तिथे प्रत्येक घराला १९९९ पासून वीजपुरवठादार निवडता येतो, आणि बहुतेक पुरवठादार ‘हिरवी’ योजना विकतात. तो म्हणतो, मावशी, भुलू नकोस. यातल्या पुष्कळ योजनांत कंपनी बाजारातून स्वस्त प्रमाणपत्रे विकत घेते, वीज मात्र जिथून यायची तिथूनच येते. आपल्याकडे धोका आणखी जवळ आहे. महावितरणला दरवर्षी ठरावीक प्रमाणात अक्षय वीज घ्यावीच लागते, ते कायद्याचे बंधन आहे. मी युनिटमागे जादा पैसे दिले आणि त्या बदल्यात मला त्या बंधनातलीच वीज नावावर लावून दिली, तर राज्यात एकही नवे पॅनेल बसले नाही. देवळाला आधीच जमलेल्या वर्गणीच्या पावतीवर माझे नाव टाकून माझ्याकडून पुन्हा पैसे घेतल्यासारखे झाले ते. म्हणून आम्हाला लेखी हवे आहे की हरित दराचे पैसे बंधनापलीकडच्या खरेदीत जातील. कुठल्या प्रकल्पातून किती युनिट, हे वर्षातून एकदा संकेतस्थळावर टाका. मी शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब पोत्यापोत्याने दिला आहे. हे काम त्याहून कठीण नसावे.

आणखी एक वाट आहे. हरित ऊर्जा मुक्त प्रवेशाच्या २०२२ च्या केंद्रीय नियमांनी थेट उत्पादकाकडून वीज घेण्याची मर्यादा एक मेगावॅटवरून शंभर किलोवॅटवर आणली. एकट्या घराला तेवढा भार कधीच लागत नाही, पण आमच्या ८८ घरांचा मिळून लागतो. वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यामुळे सोसायटीच्या सभासदांना मतदानाने ठरवता येते, स्वतंत्र जोडण्या हव्यात की सगळ्यांची मिळून एक. हे दोन नियम शेजारी ठेवले की दार दिसते. सोसायटीने एक जोडणी घ्यायची आणि साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्कीवाल्याशी करार करायचा. पण मग ८८ घरांची वीजबिले वसूल करणार कोण? खजिनदार! ज्या तिघांकडून मी दोन वर्षे मेंटेनन्स काढू शकलेले नाही त्यांची वीज मी तोडायची? क्षमा करा, हे दार माझ्यासारखीने उघडायचे नाही. शिवाय वहन आकार, पारेषण आकार (उच्चदाबाच्या मोठ्या वाहिन्यांचे भाडे), क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त वीज मिळणाऱ्यांसाठी बाहेरून वीज घेणाऱ्याने द्यायची भरपाई) हे सगळे धरून शेवटी युनिट कितीला पडते, हे सांगणारा माणूस सोसायटीला परवडत नाही.

त्यापेक्षा दिल्लीकडे बघा. तिथल्या आयोगाने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रकल्प एका ठिकाणी, त्यात हिस्से अनेक घरांचे, आणि तयार झालेली वीज ज्याच्या त्याच्या बिलातून वजा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प आपण गावोगाव उभे करतोच आहोत. मुरबाड-शहापूरकडे असाच एक प्रकल्प शहरातल्या फ्लॅटधारकांच्या हिश्श्यांवर उभा करा. मी माझ्या दोन किलोवॅटचे पैसे आज द्यायला तयार आहे. अनुदान मला नको, ते भावासारख्यांना द्या.

रात्रीचे काय, असे कोणी तरी विचारणारच. सूर्य मावळल्यावर मी अंधारात बसणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण वारा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन कमी होते तेव्हाच सह्याद्रीच्या पठारांवर वारा जोरात वाहतो. आणि साठवणूक काही परदेशातून आणायची वस्तू नाही. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. त्याचे खालचे धरण आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात चोंढ्याला आहे. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचे, टंचाई असते तेव्हा खाली सोडायचे. स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात सवलतही देऊ लागला आहात, ती मला आवडली. वॉशिंग मशीन मी आता दुपारीच लावते.

तुमच्या खात्याचे उत्तर मला आधीच दिसते आहे: ‘हा विषय नियामक आयोगाच्या अखत्यारीत येतो.’ येतो, मान्य. पण वीज कायदा २००३ च्या कलम १०८ प्रमाणे सार्वजनिक हिताच्या धोरणात राज्य सरकार आयोगाला दिशा देऊ शकते. ते कलम मी वाचले आहे. दोनदा.

आमच्या कळव्याच्या आणि ऐरोलीच्या डोक्यावरून वाहिन्या जातात त्या बघताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पावसाची वीज थेट मुंबईच्या गिरण्यांना गेली. म्हणजे दूरच्या स्वच्छ विजेचे गिऱ्हाईक असणे या भागाला शंभर वर्षांपासून माहीत आहे, फक्त आपण वाटेवर होतो, गिऱ्हाईक नव्हतो. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसह आम्हीही अंधारात गेलो, तेव्हा मात्र आमची आठवण सगळ्या वाहिन्यांवर झाली. टीव्हीच्या वाहिन्यांवर म्हणते आहे मी.

तर मागणे इतकेच आहे. हरित दराचा पर्याय बिलावर आणि ॲपमध्ये एका चौकोनात द्यावा, खूण केली की लागू. त्या पैशांचा हिशेब वर म्हटल्याप्रमाणे उघड करावा. आणि फ्लॅटधारकांच्या हिश्श्याचा एक प्रकल्प, एकच, ठाणे किंवा नवी मुंबईसाठी करून बघावा.

आमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विषयपत्रिकेत ‘ऊर्जामंत्र्यांच्या उत्तराचे वाचन’ असा विषय आत्ताच लिहून दिला आहे. मी त्यांना म्हटले, उत्तर अजून यायचे आहे. ते म्हणाले, जागा सोडून ठेवा. सातव्या क्रमांकावर ठेवली आहे.

आपली,
सोसायटीची खजिनदार आणि एक वीजग्राहक
घोडबंदर रस्ता, ठाणे