आधी तास मोजा, मग विषय निवडा

महोदय,

संसार सांभाळून चाळिशीत-पन्नाशीत पदवी घेणाऱ्यांच्या जिद्दीचे कौतुक होते, ते योग्यच. पण जिद्द असूनही मधेच सोडून देणारे कमी नाहीत. त्यातले बरेचजण फसतात ते प्रवेशअर्ज भरतानाच.

दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. युरोपच्या श्रेयांक पद्धतीतही तो २५ ते ३० तासच आहे. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास. सोळा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला साडेसात तास झाले. असे पाच विषय घेतले की साडेसदतीस तास, म्हणजे दुसरी नोकरीच! दोन विषयांचे पंधरा तास मात्र जमतात: सहा दिवस रोज दीड तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा. तेव्हा कमी विषय घेण्याची मुभा आहे का आणि नोंदणीची कमाल मुदत किती वर्षांची, हे दोन प्रश्न शुल्क भरण्याआधी विचारावेत. मुदत अपुरी असेल तर कमी विषयांचा बेत चालत नाही.

पूर्वी अर्धवट सोडलेल्या शिक्षणाचे श्रेयांक मिळतात का, हेही तेव्हाच बघावे. नुसती गुणपत्रिका बहुधा पुरत नाही, त्या वर्षीचा सविस्तर अभ्यासक्रमही मागतात. आणि जुन्या कागदांवरचे नाव आजच्या ओळखपत्राशी जुळत नसेल तर दुरुस्ती पहिल्याच सत्रात करून घ्यावी. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींचे प्रमाणपत्र अनेकदा याच एका कारणाने रखडते.

घरच्यांना ‘जरा मदत करा’ सांगून काही होत नाही. कोणत्या वारी, किती वाजता, कोणते काम कोणाकडे, हे ठरवून भिंतीवर लावावे लागते. मुलांच्या परीक्षा आणि आपल्या परीक्षा एकाच महिन्यात येणार असतील, तर लेखी गृहपाठ त्याआधीच संपवावेत. गृहपाठाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी असते आणि त्याचे गुण नोंदले गेले नाहीत तर पेपर चांगला जाऊनही निकाल राखून ठेवला जातो. पोच घ्या, जपून ठेवा. ऑनलाइन दिला असेल तर पडद्याचे छायाचित्र काढा.

रात्री वाचलेले सकाळी पुस्तक न उघडता पाच मिनिटे लिहून पाहावे. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मोजून दाखवले होते. थकलेल्या डोळ्यांनी तेच पान तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरे. बरीच वर्षे गणित सुटले असेल तर संख्याशास्त्रासारखा विषय पहिल्या सत्रात घेऊ नये. सुट्टीत शाळेतले बीजगणित आधी उजळावे.

शेवटचे सत्र सुरू होण्यापूर्वी श्रेयांकांचा हिशेब परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावा. एकूण बेरीज पुरी भरते, पण सक्तीच्या गटातला एखादा विषय किंवा प्रकल्प राहून गेलेला असतो. तो नंतर उघडकीस आला की आणखी एक सत्र जाते.

विद्यापीठांकडे मागणी एकच आहे: माहितीपुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे शुल्क छापता, तसे आठवड्याला लागणारे तासही छापा.

आपले,
दूरशिक्षण अभ्यासकेंद्रातील काही समुपदेशक