संज्या, पोराला गोल्फमध्ये प्रो व्हायचंय ना, मग हे वाच

पुणे, रविवार

प्रिय संज्या,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि तुझ्या ओंकारचा गोल्फचा व्हिडिओ पण बघितला. बॉल काय लांब मारतो रे पोरगं, वादच नाही. पण तू विचारलंस की बारावीनंतर त्याला डायरेक्ट प्रो, म्हणजे बक्षिसाच्या पैशांवर जगणारा खेळाडू, होऊ देऊ का, आणि आपण फोनवर बोलायला लागलो की पाच मिनिटांत विषय शाळेतल्या मास्तरांवर घसरतो, म्हणून लिहूनच टाकतोय. वहिनींना पण वाचायला दे, खर्चाचा भाग त्यांनाच कळेल, तुला नाही कळणार.

पहिलं म्हणजे त्या व्हिडिओवर भाळू नकोस. पार ७२ चा कोर्स म्हणजे अठरा होल मिळून ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित, आणि त्यात प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे बॉल भोकाकडे हळू ढकलायचे दोन फटके, धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके नुसते ग्रीनवरचे, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे, निम्मा खेळ तिथेच झाला. शिवाय ग्रीनच्या बाहेरून चिप करायचं, म्हणजे छोट्या फटक्यानं बॉल उचलून ग्रीनवर टाकायचा, बंकरमधल्या वाळूतनं बॉल काढायचा ते वेगळंच. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, बॅगेतनं निघतो अठरा होलमध्ये फार तर चौदा वेळा. आणि घरचे व्हिडिओ कशाचा काढतात, तर ड्रायव्हरचा!

तुला चौरसिया माहितीय का? एस. एस. पी. चौरसिया, शिव म्हणतात त्याला. कोलकात्याचा. वडील रॉयल कॅलकटा गोल्फ क्लबला ग्रीनकीपर, म्हणजे गवत कापणं, पाणी मारणं, ग्रीन राखणं हे काम. तो क्लब १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब, आणि हा तिथल्या माळ्याचा मुलगा, मेंबरचा नाही. कोचबिच कोणी नव्हता, बघून बघून शिकला. अंगापिंडानं छोटा, त्यामुळे लांब मारणाऱ्यांत त्याचं नाव कधीच नव्हतं, पण ग्रीनच्या आसपास गेला की भल्याभल्यांची बोलती बंद. चिपिंग आणि पटिंग इतकं भारी की बरोबरच्या खेळाडूंनी नावच पाडलं, चिपपटसिया! १९९७ ला प्रो झाला. आणि युरोपियन टूरची, म्हणजे तिकडच्या प्रोंच्या स्पर्धामालिकेची, पहिली मोठी ट्रॉफी कधी, तर २००८ ला, दिल्ली गोल्फ क्लबवर, इंडियन मास्टर्स. एकूण बक्षीस २५ लाख डॉलर, त्यातले चार लाखांच्या वर एकट्या याला, आणि त्याहून मोठं म्हणजे युरोपियन टूरचं कार्ड, म्हणजे त्या टूरवर नेहमी खेळायचा परवाना, मिळालं. मधली अकरा वर्षं मोज बरं. पेपरात फोटो येतो तो त्या एका रविवारचा, त्याआधीची अकरा वर्षं कोण छापणार.

बरं त्यानंतर तरी सगळं सुरळीत झालं का, तर तसंही नाही. आपल्या इंडियन ओपनमध्ये तो पुन्हा पुन्हा दुसरा यायचा. २०१५ ला तर शेवटच्या दिवशी आपलाच दुसरा प्रो अनिर्बान लाहिरी त्याच्यापेक्षा सात शॉट मागे होता (गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे), सात म्हणजे लोक गृहीतच धरतात की संपलं, आणि तरी लाहिरीनं गाठलं आणि बरोबरी फोडायच्या प्लेऑफमध्ये हरवलं. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून अक्षरशः शिव्या घातल्या, कोणाला ते विचारू नकोस. पुढच्याच वर्षी त्याच कोर्सवर हाच चौरसिया जिंकला आणि मागे कोण, तर लाहिरी! मग २०१७ ला स्पर्धा गेली गुडगावच्या गॅरी प्लेअर कोर्सवर, तो कोर्स अवघड म्हणून बदनाम, तिथे हा सात शॉटनी जिंकला. मला त्याच्या सगळ्या ट्रॉफ्यांत हीच जास्त आवडते, कारण तोपर्यंत लोक म्हणायचे की हा दिल्लीच्या त्या अरुंद, झाडीच्या कोर्सवरचाच राजा.

आता पैशांचं. गोल्फच्या प्रोला पगार नसतो, संज्या. क्रिकेटमध्ये टीममध्ये आहेस तर मॅच फी तरी मिळते, इथे एंट्री फी तू भरायची, प्रवास तुझा, हॉटेल तुझं, कॅडीचे, म्हणजे बॅग उचलून बरोबर चालणाऱ्याचे, पैसे तुझे, आणि जिंकलास तर कॅडीला दहा टक्क्यांच्या आसपास वरनं द्यायची पद्धत. स्पर्धा चार दिवसांची, पण दोन दिवसांनी कट लागतो. मोठ्या टूरवर साधारण पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीतले राहतात, बाकीच्यांनी बॅग भरायची, हातात शून्य रुपये. एका शॉटनं कट गेला काय आणि दहानं गेला काय, शून्य ते शून्यच.

पुना क्लबला स्पर्धा असली की मी जमेल तेव्हा येरवड्याला जातो, घरापासून लांब नाही. तिथे एकदा शुक्रवारी संध्याकाळी एक प्रो बघितला, पंचविशीचा असेल. दुपारीच कट हुकला होता. बाकीचे गाड्या काढत होते आणि हा प्रॅक्टिस ग्रीनच्या कडेला, समोर पंचवीसेक पावलांवर हात पुसायचा नॅपकिन पसरलेला, आणि बॉल त्या नॅपकिनवरच टप्पा खाईल असा चिप करत होता. लागला तर काही नाही, हुकला की कॅडी नुसता "उजवीकडे" किंवा "कमी" एवढंच म्हणायचा आणि बॉल परत पायानं ढकलायचा. अंधार पडेपर्यंत हेच चाललेलं. मी कॅडीला विचारलं, आता दोन दिवस काय? तर म्हणाला, "काय नाय सर, रात्रीच्या गाडीनं पुढच्या गावाला, रूम शेअर करायला कोणतरी बघायचाय." ओंकारला मी चौरसियाच्या आधी हे दाखवलं असतं.

मोठ्या नावांचंही तेच बघ. जीव मिल्खा सिंग, वडिलांचं नाव सांगायलाच नको, १९९९ नंतर २००६ पर्यंत एक स्पर्धा जिंकला नव्हता, आणि मग २००६ ला एकाच वर्षात चीन, स्पेन, जपान सगळीकडे जिंकला. २००७ ला अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स ही मोठी स्पर्धा खेळणारा पहिला भारतीय. महूचा मुकेश कुमार कॅडीचा प्रो झाला आणि एशियन टूरची स्पर्धा जिंकला २०१६ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी! आणि आपल्या पुण्याचा उदयन माने, टोकियोच्या ऑलिम्पिकला राखीव यादीत होता, अर्जेंटिनाच्या खेळाडूनं नाव मागे घेतलं म्हणून ऐनवेळी बोलावणं आलं. लोक म्हणाले नशीब काढलं. अरे पण राखीव यादीत नाव यायलाही वर्षानुवर्षं रँकिंग टिकवावं लागतं, ते काय आकाशातनं पडतं का.

म्हणून माझं स्पष्ट मत, बारावीनंतर लगेच नको. एकदा प्रो झाला की ॲमॅच्युअरच्या, म्हणजे हौशी खेळाडूंच्या, स्पर्धा बंद, आणि परत ॲमॅच्युअर व्हायचं तर अर्ज करा, वाट बघा. जीव मिल्खा सिंग सुद्धा अमेरिकेत कॉलेजमध्ये खेळला, तिथे १९९३ ला डिव्हिजन दोनची कॉलेजांची चॅम्पियनशिप जिंकला आणि मग प्रो झाला. ओंकारनं कॉलेज करावं, ॲमॅच्युअर म्हणून देशभर खेळावं, बापाच्या कारमधनं नाही, ट्रेननं. तीन-चार वर्षांनी तो नॅशनल लेव्हलला वरच्या नावांत दिसला तर पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या प्रो टूरच्या, क्यू स्कूलला, म्हणजे पात्रता स्पर्धेला, बसू दे. नाही दिसला तर शिकवणारा प्रो होता येतं, त्यात इज्जत आहे आणि महिन्याला पैसेही येतात, हे कोणी पोरांना सांगतच नाही.

तू म्हणशील, चौरसियाकडे तरी पैसे कुठे होते? खरंय. पण तो कोर्सवरच वाढला रे, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर कोर्स. ओंकार शनिवार-रविवार जातो आणि बाकी दिवस सिम्युलेटरवर खेळतो. राग मानू नकोस, पण फरक आहे तो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला उद्यान एक्सप्रेसमध्ये बसवून दे, मी पुणे स्टेशनवर घ्यायला येतो. ड्रायव्हर घरीच ठेवायला सांग, वेज आणि पटर या जवळच्या फटक्यांच्या काठ्या तेवढ्या आण म्हणावं. माझ्या ओळखीचा एक जुना कॅडी आहे, आता पोरांना शिकवतो, तोंडानं फटकळ आहे पण नजर पक्की. तो दोन दिवस बघेल आणि खरं काय ते तोंडावर सांगेल. ओंकारची तेवढी तयारी आहे का ते आधी विचार, आणि तिकीट आत्ताच काढ, दिवाळीत वेटिंगच्या पुढे जात नाही.

तुझा,
बाळ्या