ब्रेक बिघडतो, पाय जुळवून घेतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावरची नव्या गाड्यांची परीक्षणं मी आवडीने वाचतो. शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठला, हे त्यात हमखास असतं. शंभरवरून शून्यावर यायला किती मीटर लागले, हे क्वचितच सापडतं. ब्रेकबद्दल माझी जी फजिती झाली, तिच्या निमित्ताने थोडं लिहितो आहे.

मध्यंतरी भाच्याने माझी गाडी चालवायला घेतली. पहिल्याच वळणावर दचकून म्हणाला, "मामा, ब्रेक केवढा खाली जातोय! तुला कळत नाही?" खरंच कळत नव्हतं. मी बावीस वर्षं गाडी चालवतोय, त्याला लायसन्स मिळून वर्षसुद्धा झालेलं नाही. "तुझ्या पायाला या गाडीची सवय नाही," असं म्हणून मी विषय उडवून लावला. सवय नव्हती म्हणूनच त्याला कळलं होतं, हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले.

ब्रेक सहसा एका दिवसात जात नाही. पेडल रोज केसभर खाली सरकतं आणि पाय तितकाच जास्त दाबायला शिकतो. आपण थोडं आधी ब्रेक लावू लागतो, पुढच्या गाडीपासून थोडं जास्त अंतर ठेवू लागतो, आणि वर समजतो की वयानुसार आपलं चालवणं शहाणं झालंय. म्हणून माझं मत असं, की आपल्या गाडीच्या ब्रेकचा सर्वांत वाईट परीक्षक आपणच. अधूनमधून गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्यावी आणि तो काय म्हणतो ते मान खाली घालून ऐकावं.

गॅरेजमध्ये मागचं डावं चाक काढून ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारं ब्रेकचं भांडं, ओढला, तर आत काळा चिखल. मेकॅनिकने व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चाकातल्या नळीच्या) रबराची कड स्क्रू ड्रायव्हरने जराशी उचलली आणि तिथून ब्रेक ऑइलचा थेंब ओघळून खाली पडला. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, भिजून चिकट झालेले. जमिनीवर डाग कधी दिसला नाही, कारण गळणारं सगळं ड्रमच्या आतच मुरत होतं. लाज वाटण्याची गोष्ट पुढेच आहे. बॉनेट उघडून डबीतलं ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून मी स्वतः दोनदा भरलं होतं. त्याआधी सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा तिथल्यांनीही भरून दिलं होतं. ते गेलं कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि मलाही पडला नाही.

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. ती बंद यंत्रणा आहे. पातळी उतरण्याची कारणं दोनच. एक तर पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, घासून ती थांबवणारे ठोकळे) झिजलेत, त्यामुळे ते दाबणाऱ्या पकडीचा, म्हणजे कॅलिपरचा, पिस्टन बाहेर सरकलाय आणि मागची जागा ऑइलने भरून काढली आहे. किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा काम गॅरेजचंच. डबी भरून टाकणं म्हणजे गाडी जी खूण दाखवत होती ती पुसून टाकणं. शिवाय ब्रेकला ऑइलचे दोन वेगळे मार्ग असतात. एक पूर्ण निकामी झाला तरी दुसऱ्यावरची चाकं थांबवण्याचं काम करतात. ही सोय जीव वाचवते, पण "गाडी थांबतेय ना?" या आपल्या भ्रमालाही तीच खतपाणी घालते.

पेडल पायाखाली कसं लागतं, याच्या तीन तऱ्हा मला मेकॅनिकने शिकवल्या. पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतं, तेव्हा बहुधा पाइपात हवा आहे. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पायाचा जोर तिथेच जिरतो. दुसरी तऱ्हा अधिक फसवी. सिग्नलला उभे असताना पेडल एकसारखं दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बुडत गेलं, तर बाहेर गळती तरी आहे किंवा पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय. बाहेर एक थेंबही न गळता हे होऊ शकतं. तिसरी तऱ्हा म्हणजे पेडल दगडासारखं कडक. तिथे संशय पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवर. हे घरीच बघता येतं: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबायचं, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचं. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जातं. तसूभरही हललं नाही, तर गाडी दाखवायलाच हवी. (उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं: बूस्टरची मदत त्यानंतर जेमतेम दोन-तीन वेळा दाबण्यापुरती उरते.)

आवाजाबद्दल लोक उगीच घाबरतात किंवा उगीच घाबरत नाहीत. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर होते आणि जाते, त्यात काही नाही. पण रोज येणारी बारीक, चिरकी शीळ वेगळी. अनेक पॅडवर पत्र्याची एक पट्टी मुद्दाम बसवलेली असते; पॅड झिजला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. आपण त्यावर गाण्याचा आवाज वाढवतो. नंतर शिळेच्या जागी जाडी घरघर येते, तेव्हा पॅड संपून मागचं लोखंड डिस्क खात असतं. त्या अवस्थेत "रविवारी दाखवू" म्हणू नये. चाकाच्या फटीतून पॅड जाड दिसतोय, एवढ्यावरही जाऊ नये. दिसतो तो बाहेरचा. कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तर आतला पॅड कधीच उडालेला असतो. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा; ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा दोष अलाइनमेंटला देण्याची पद्धत आहे. ब्रेक न लावता सरळ जाणारी गाडी ब्रेक लावल्यावरच वळत असेल, तर आधी कॅलिपर बघा. तसंच स्टिअरिंगची थरथर. "डिस्क वाकली," असं सगळे म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही पायाला जाणवतो. मात्र अचानक जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करतं तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. त्याला घाबरून पाय उचलू नये.

ब्रेक ऑइलच्या वयाचं कुणी नाव काढत नाही. नेहमीचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं. साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर आतलं ऑइल तिथवर तापू शकतं. मग वाफ होते, वाफ हवेसारखी दबते, आणि सकाळपर्यंत ठणठणीत असलेलं पेडल थेट जमिनीला टेकतं. गाडी थंड झाली की पुन्हा ठीक! असं एकदा जरी झालं, तरी "आपोआप बरं झालं" म्हणून सोडू नये. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. माझ्या गाडीत पाच वर्षांचं होतं.

व्हिडिओ बघून घरी पॅड बदलणाऱ्यांच्या मी विरोधात नाही. हात चांगला असेल तर खुशाल बदला. पण पाइप, मास्टर सिलिंडर, बूस्टर, एबीएस यांना हात लावण्याची हौस नको. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा तांबडा दिवा हँडब्रेक सोडूनही विझत नसेल, तर गॅरेजपर्यंतसुद्धा गाडी चालवत नेऊ नये, मेकॅनिकला बोलवावं किंवा गाडी टो करून न्यावी.

आणि गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "जरा ब्रेक बघून घ्या" म्हणू नका. मी वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो आणि दर वेळी "बघितले, ठीक आहेत" हेच उत्तर घेऊन आलो. गाडी थंड असताना होतं की तापल्यावर, पहिल्या दाबाला की तिसऱ्या, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूला, हे सांगा. पॅड किती मिलिमीटर उरलेत ते विचारा आणि काढलेला जुना भाग परत मागा. चांगला मेकॅनिक याने चिडत नाही. उलट सोबत बसून एक चक्कर मारायला येतो.

माझ्या गाडीचे दोन्ही मागचे सिलिंडर, लायनर आणि सगळं ऑइल बदललं. किल्ली घेऊन निघालो आणि दारातच सवयीने ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली, मी पट्ट्यात लटकलो. मागून मेकॅनिक ओरडला, "साहेब, हळू!"

कळावे,
आपला एक नियमित वाचक