लिनक्स टाका म्हणालात, पण सॉफ्टवेअर आणायचं कुठनं?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टीम कशी टाकायची यावर लेख होता, त्याचं कात्रण घेऊन आठवडाभरात तीन गिऱ्हाइकं माझ्या दुकानात आली. मिरजेत झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे माझं, आणि माझी दोन्ही मशीन बरीच वर्षं डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, चालतात म्हणून लोक विचारायला येतात. लेख चांगलाच होता, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते म्हणून धडधाकट मशीन भंगारात घालू नका, हे कोणीतरी छापायलाच हवं होतं.

माझी तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीबद्दल. मराठी फॉन्ट, कीबोर्ड सगळं एका झटक्यात बसवा म्हणून तिथं एक ओळ दिलीय, सुरुवातीला कर्ल, मग कुठल्यातरी साइटचा लांबलचक पत्ता, मग उभी रेघ आणि पुढं सुडो बॅश. ती ओळ काय करते याबद्दल अवाक्षर नाही! तर मी सांगतो काय करते. कर्ल नेटवरनं एक फाइल ओढतं, उभी रेघ ती फाइल कोणी वाचायच्या आतच पुढं सरकवते, बॅश ती चालवतं, आणि सुडो म्हणजे हे सगळं मालकाच्या हक्कानं, म्हणजे मशीनवर काय वाट्टेल ते करायची मुभा. त्यात पेपरातली ओळ काही पेस्ट करता येत नाही, हातानं टाइप करावी लागते. आमच्याकडं आलेल्या एका रिटायर्ड सरांनी पत्त्यात एक अक्षर चुकवलं होतं, नशीब की त्या चुकीच्या पत्त्यावर कोणीच नव्हतं. असतं तर त्यानं जे ठेवलं असेल ते सुडोसकट सरांच्या मशीनवर चाललं असतं, आणि त्याच मशीनवर सरांचं पेन्शनचं बँक खातं उघडतं.

आणि गंमत म्हणजे त्या ओळीची गरजच नव्हती. लोहित देवनागरी फॉन्ट, लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचे मराठी मेनू, मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन, स्कॅन केलेलं मराठी पान टाइप केलेल्या मजकुरात आणायचं टेसरॅक्टचं मराठी पॅकेज, हे सगळं डेबियनच्या स्वतःच्या भांडारात, म्हणजे त्यांनी नेटवर ठेवलेल्या तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या (पॅकेजेसच्या) साठ्यात, पडलेलंय. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर मशीनमध्ये असतोच, सेटिंगमध्ये जाऊन निवडला की झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं तेव्हा त्यात ६९,८३० पॅकेजेस होती. ॲप्ट ही त्या भांडारातनं सॉफ्टवेअर आणायची कमांड, आधी ॲप्ट अपडेट, मग ॲप्ट इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव, एवढंच करायचं असतं, नाहीतर सॉफ्टवेअरच्या खिडकीत जाऊन क्लिक करायचं. यात फरक असा की इथं कोणती फाइल कुठं गेली याची नोंद राहते, भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते ती ॲप्ट तपासतं, त्या पॅकेजला आणखी जे लागतं ते ते आपण होऊन आणतं, आणि नको झालं की काढताही येतं. पण आपल्याला विंडोजची सवय, गूगल करायचं, पहिल्या लिंकवरनं सेटअप उतरवायचा आणि नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. सिस्टीम बदलली तरी हात तेच करतात.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः तोंडावर आपटलोय. २०२३ च्या पावसाळ्यात नवीन प्रिंटर-स्कॅनर घेतला, त्याच्या कंपनीच्या साइटवर लिनक्ससाठी इन्स्टॉलर होता, मी डोळे झाकून चालवला. त्यानं काय केलं तर ड्रायव्हर टाकलाच, पण वर स्वतःचं भांडार माझ्या ॲप्टच्या यादीत घुसवलं आणि सही तपासायची स्वतःची किल्लीही विश्वासाच्या यादीत टाकली. किल्ली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. जुन्या पद्धतीत एकदा किल्ली आत गेली की त्या सहीचं कुठलंही पॅकेज ॲप्ट बिनतक्रार घेतं, नुसता प्रिंटरचा ड्रायव्हरच असं काही नाही. आता पद्धत अशी की बाहेरच्या भांडाराच्या ओळीतच लिहायचं, सही याच किल्लीची चालेल आणि ही किल्ली इथंच चालेल, पण इन्स्टॉलर बनवणाऱ्यांपर्यंत हे पोचायला वेळ लागतो.

दोन वर्षं सगळं सुरळीत. दिवाळीनंतर डेबियन १२ वरनं १३ वर जायला बसलो तर त्या ड्रायव्हरला एका लायब्ररीची, म्हणजे अनेक सॉफ्टवेअर मिळून वापरतात त्या तयार कोडची, जुनीच आवृत्ती हवी, डेबियनला नवी टाकायची, दोघं हटून बसले आणि स्क्रीनवर इंग्रजीत आलं की तुमच्याकडं मोडकी पॅकेजेस अडकून बसलीत. घाईत मी काहीतरी जबरदस्तीची कमांड दिली, तर प्रिंटिंगची सगळी यंत्रणाच निघून गेली, दारात फॉर्मवाल्यांची रांग आणि मी आत घामाघूम. दीड दिवस शेजारच्या दुकानातनं प्रिंट मारून आणल्या, त्याला पानामागं पैसे देऊन. बायको म्हणाली विकतचं दुखणं घेतलंस, आणि खरंच होतं ते.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो फ्रीबीएसडी वापरतो, म्हणजे लिनक्ससुद्धा नाही, युनिक्सच्या घराण्यातलीच पण वेगळी सिस्टीम, आणि त्यांच्याकडची शिस्त मला फार आवडली. तिथं मूळ सिस्टीम एकीकडं आणि बाहेरनं आणलेलं जे काही असेल ते यूएसआर-लोकल नावाच्या एकाच फोल्डरात, म्हणजे आपलं कुठलं आणि पाहुण्याचं कुठलं याचा घोळच होत नाही. तयार पॅकेज हवं असेल तर पीकेजी, आणि सॉफ्टवेअर आपल्याला हव्या त्या ऑप्शननं स्वतःच्या मशीनवर बनवायचं असेल तर पोर्ट्स. पीकेजी ऑडिट म्हटलं की तुमच्याकडच्या कुठल्या पॅकेजमध्ये माहीत असलेलं भगदाड आहे त्याची यादीच समोर येते. असो, मी काही फ्रीबीएसडीवर जाणार नाही, या वयात एक शिकलो तेच पुष्कळ.

भाच्यानं पहिला प्रश्न विचारला, मामा, बाहेरचं काय काय टाकलंयस? मला सांगताच येईना. मग त्यानं ॲप्ट-फोर्कट्रेसर नावाचं पॅकेज टाकायला लावलं, त्यानं डेबियनबाहेरची सगळी पॅकेजेस एकेक करून दाखवली, नऊ निघाली, त्यातली पाच कधी आणि कशाला टाकली ते मला आजही आठवत नाही. ड्रायव्हर काढला, बाहेरचं भांडार काढलं, किल्ली काढली, अपग्रेड निमूट पार पडलं. पुढचं ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्या प्रिंटरला ड्रायव्हरची गरजच नव्हती! बऱ्याच नव्या प्रिंटरांना ड्रायव्हरशिवाय छापायची एक ठरलेली पद्धत येते, डेबियनमधली कप्स ही छपाईची यंत्रणा ती ओळखते, यूएसबीनं जोडलेल्या अशा प्रिंटरसाठी आयपीपी-यूएसबी आणि स्कॅनिंगसाठी सेन-एअरस्कॅन ही पॅकेजेस भांडारातच आहेत. दोन वर्षं मी बाहेरच्याला उगाच घरात ठेवून घेतलं होतं.

कोणी म्हणेल भांडार तरी कुठं देवाच्या देव्हाऱ्यातनं येतं. खरंय. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या फाइल दाबायच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला, ज्यानं घातला त्यानं दोनेक वर्षं मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावला होता. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो खणत गेला म्हणून हा चोरदरवाजा कळला. पण ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच आली होती, माझ्यासारखे स्थिर आवृत्तीवर बसलेले वाचले, कारण तिथं नवं काही पोचायला मुद्दामच वेळ लावतात. लोक म्हणतात डेबियनमधलं सॉफ्टवेअर शिळं असतं, असू दे की, दुकानाला शिळंच परवडतं.

आणि बाहेरनं काहीच आणू नका असंही नाही माझं. एखादं नवंच काही लागलं तर फ्लॅटपॅक आहे, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळं ठेवून आणायची पद्धत, ते मूळ सिस्टीमच्या लायब्रऱ्यांना हात लावत नाही, जागा मात्र भरपूर खातं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं काही लागलं तर आजकाल ते आणणारं पिप स्वतःच अडवतं, की ही जागा ॲप्टची आहे, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करा, आणि तिथं जबरदस्ती करायचा जो ऑप्शन आहे त्याच्या नावातच सिस्टीम मोडा असं लिहिलंय, तरी लोक टाकतात, मीही टाकला होता, त्या नवांत तो धरलेला नाही. आता काउंटरच्या खणात एक वही ठेवलीय, बाहेरचं काही टाकलं की तारीख, कुठनं आणलं आणि काढायचं कसं ते लिहून ठेवतो. अपग्रेडच्या आधी वही उघडायची आणि एकेक बाहेर काढत जायचं.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ती चौकट दुरुस्त करून छापा, कर्लची ओळ काढा आणि त्या जागी भांडारातल्या पॅकेजची नावं द्या, आणि इथून पुढं कुठलीही कमांड छापाल तिच्याखाली ती काय करते आणि टाकलेलं परत कसं काढायचं हे दोन ओळीत येऊ द्या. सरांचं मशीन अजून माझ्याकडंच आहे, फॉन्ट टाकून झालेत, मराठी मेनू आलेत, फक्त तुमचं कात्रण त्यांनी परत मागितलंय. दुरुस्त चौकट आली की ते नवं देईन म्हणतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक, मिरज