ढोलपथकातल्या त्या पोरांना थँक्यू

२०२५ मधलं काय आठवतं म्हणाल तर ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रोडला मिरवणूक बघताना आईला एकदम चक्कर आली, गर्दी इतकी की तिला खाली बसवायलाही जागा नाही आणि मोबाईलला रेंज नाही. तेवढ्यात एका पथकाच्या पोरांनी वादन थांबवलं, दोरी धरून कडं केलं आणि आईला उचलून गल्लीतल्या पायरीवर नेलं. एक मुलगी तर तिथेच बसली, आईचे पाय मांडीवर घेऊन तळवे चोळत होती, बोटांना चिकटपट्ट्या, त्यातून रक्त आलेलं, तरी "काकू, डोळे उघडा ना" चालूच. अँब्युलन्स येईपर्यंत हलली नाही. गर्दीनेही काय पटकन वाट दिली! आई आता ठणठणीत आहे. पोरांनो, तुमची नावं माहीत नाहीत, पण मनापासून थँक्यू, आई अजून त्या पोरीची चौकशी करते.