त्या रिकाम्या हेलपाट्याबद्दल

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या खानापूर तालुक्यात अजून बरेच जण विचारतात, "मोबाईलात बघून गुडघ्याचं काय कळतंय?" आमची आईही हेच म्हणायची. जूनमध्ये बेळगावात तुम्ही तिचा उजवा गुडघा बदललात, चौदाव्या दिवशी टाक्यांच्या पिना काढल्या आणि म्हणालात, आता मधलं मधलं मी व्हिडिओवर बघतो. खरं सांगू? मला वाटलं, डॉक्टर टाळतायत.

आमचं गाव हेमाडग्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. हलात्री नाल्याच्या पुलावर पाणी चढलं की रस्ता बंद. पाणी नसलं तरी खड्ड्यांतून जीपने यायचं, रांगेत बसायचं आणि पाच मिनिटांत "छान आहे" ऐकून परत फिरायचं. आईचा गुडघा त्या पाच मिनिटांपेक्षा प्रवासानेच जास्त सुजला असता.

रेंज मिळते ती फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. तिथे पालथ्या बुट्टीवर मोबाईल टेकवून बायकोने पहिला कॉल लावला. समोरून दाखवू नका, बाजूने दाखवा, कंबर ते टाच सगळं दिसू दे, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. बाजूने बघितल्याशिवाय गुडघा किती वाकतोय आणि किती सरळ होतोय ते कळत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगलं. वाकण्यावर आमचं लक्ष होतं, कारण नव्वद अंश झाले की खुर्चीतून नीट उठता येतं. तुमचं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं. "अव्वा, ती उशी कुठं ठेवता?"

आई गप्प. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपलं की बरं वाटतं म्हणून ती रोज रात्री तेच करत होती, आणि त्यामुळे गुडघा किंचित वाकडाच राहत होता. दवाखान्यात तिने हे कधीच सांगितलं नसतं. तिथे ती इस्त्रीची साडी नेसून येते आणि सगळं बरं आहे म्हणते. मग तुम्ही टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवून गुडघा खाली दाबायला शिकवलंत. तुमची घरची भाषा कन्नड, आमची मराठी. पण "दाबा, दाबा, निधान" (निधान म्हणजे हळू) एवढं आईला बरोबर कळायचं. दाराजवळची घसरती चटई आणि उंच उंबरा पण तुम्ही त्याच कॉलवर हेरलात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. पाचव्या आठवड्यात आईची पोटरी सुजली. तुम्ही शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायला लावल्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली, दोन्हीकडे एकाच जागी. फरक तीन सेंटीमीटरहून जास्त निघाला. धाप लागते का, छातीत दुखतं का, विचारलंत. नाही म्हटल्यावरही म्हणालात, "हे मला हाताने बघायला पाहिजे. आजच निघा." पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं, हे तुम्ही घाबरवून नाही, साध्या शब्दांत सांगितलंत.

नशिबाने पुलावरचं पाणी उतरलं होतं. शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते बघणारी डॉप्लर सोनोग्राफी झाली, गाठ नव्हती. दिवसभर पाय खाली सोडून तांदूळ निवडत बसल्याने सूज उतरली नव्हती, इतकंच. परत येताना जीपवाला म्हणाला, उगाच हेलपाटा झाला. मी काही बोललो नाही. पण तोच हेलपाटा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 ला दूरवैद्यक सेवेचे नियम काढले, त्यात व्हिडिओवर भागेल की प्रत्यक्ष तपासायला हवं हे ठरवणं डॉक्टरांवर सोडलंय. कागदावर ते एक वाक्य आहे. तुम्ही भर पावसात आमची नाराजी पत्करून ते पाळलंत.

एक्स-रे मोबाईलवर निघत नाही, तेव्हा पुढच्या महिन्यात आम्ही येतोच आहोत. आई घरचे तांदूळ आणणार आहे, नको म्हणू नका. आणि डाव्या गुडघ्याचंही विचारायचंय म्हणते. तेवढं मात्र समोर बसूनच बोलायचं, असं तिने मला बजावलंय.

आपला,
एका पेशंटचा मुलगा